पाच बाय सातचा मोर चार बाय चारच्या फ्रेममधे: एम्ब्रॉयडरी डिझाइन लहान-मोठं करायची रीत

खानापूरहून एका मुलीचा फोन आला, "अक्का, मशीन नवीनच हाय, पण पेनड्राईव्ह लावला की डिझाइनच दिसेना, परत देऊ काय मशीन?" मी विचारलं डिझाइनची साईझ काय, तर म्हणाली चार बाय चार. फाईल मागवून उघडून बघितली तर १०२ मिलिमीटर. तिच्या फ्रेममधे शिवायला जागा आहे १०० मिलिमीटर. दोन मिलिमीटर जास्त, आपल्या पायपिंगएवढं सुद्धा नाही, आणि तेवढ्यासाठी पोरगी मशीन परत द्यायला निघालेली.

म्हणून हे एकदा सगळं लिहून काढते. मी बेळगावच्या वडगावात राहते, घरीच ब्लाऊज शिवते, एम्ब्रॉयडरी मशीन घेऊन चार वर्षं झाली. शिकवायला कोण नव्हतं, जे काय कळलं ते कापडं वाया घालवून कळलं, आणि त्यातली काही कापडं गिऱ्हाईकाची होती. कुणी हूप म्हणतं, कुणी रिंग, आमच्याकडं कारखान्यातली पोरं फ्रेम म्हणतात, मी पण फ्रेमच म्हणते.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात घालून घ्या. डिझाइन लहान-मोठं होतं, धागा होत नाही. मोर तुम्ही निम्मा करा नाहीतर दुप्पट, ४० नंबरचा धागा तेवढाच जाड राहणार नि सुई तेवढंच मोठं भोक पाडणार. खाली जे जे त्रास सांगितलेत ते सगळे ह्या एका गोष्टीतनं निघतात.

काय काय लागतं

मिलिमीटरची पट्टी (इंचाची टेप नको, का ते पहिल्या पायरीत सांगते), मशीनचं पुस्तक, साधा लॅपटॉप किंवा कुणाचा तरी जुना कंप्युटर, एम्ब्रॉयडरीचं एखादं सॉफ्टवेअर, पेनड्राईव्ह, ट्रायलला कापड नि त्याखाली लावायचा पेपर, ७५/११ च्या दोन-तीन सुया जास्तीच्या, आणि एक वही. वही का लागते ते शेवटी कळेल.

सॉफ्टवेअर विकतच घ्यायला पाहिजे असं नाही. विल्कॉमचं ट्रूसायझर फुकट मिळतं, फाईल बघायची, साईझ बदलायची, फॉरमॅट बदलायचा एवढ्याच कामासाठी आहे ते. इंकस्टिच पण फुकट, ते इंकस्केपमधे बसवावं लागतं, त्यात स्वतः डिझाइन काढता येतं पण शिकायला वेळ जातो. मोबाईलवर साईझ बदलून देतो म्हणणारी ॲप असतात, त्यांच्या नादाला मी एकदाच लागले.

१. फ्रेमचं नाव सोडा, फ्रेमची जागा मोजा

चार बाय चार, पाच बाय सात ही फ्रेमची हाक मारायची नावं. मशीन मिलिमीटरमधे चालतं. चार बाय चार म्हणजे १०० बाय १००, पण पट्टीवर चार इंच म्हणजे १०१.६ येतात. हा दीड मिलिमीटरच खानापूरच्या मुलीला नडला, कारण डिझाइनवाल्यानं इंचावरनं फाईल बनवलेली. पाच बाय सात म्हणजे १३० बाय १८०, सहा बाय दहा म्हणजे १६० बाय २६०, आठ बाय बारा म्हणजे २०० बाय ३००. काही मशीनला १४० बाय २०० नि २०० बाय २८० अशा पण फ्रेम येतात. तुमच्या मशीनच्या पुस्तकात जे असेल तेच खरं, दुकानदार तोंडानं जे सांगतो ते नाही.

आणखी एक. फ्रेमच्या आतल्या कडेपासून कडेपर्यंत पट्टी लावून मोजू नका. आतली मोकळी जागा मोठी दिसते, पण सुईभोवतीचा मशीनचा पाय कडेला आपटू नये म्हणून मशीन सगळ्या बाजूनं थोडी जागा सोडूनच शिवतं. फ्रेमबरोबर प्लॅस्टिकची चौकटीवाली जाळी येते ना, ती टाकून देऊ नका, शिवायची जागा तिच्यावर आखलेली असते.

त्यातनं पण मी दोन-दोन मिलिमीटर सोडते. १०० च्या फ्रेमला ९६ चं डिझाइन. फ्रेम लावताना कापड जरा इकडं तिकडं झालं तर सरकवायला जागा पाहिजे की.

डिझाइन मशीनवर दिसेना असं झालं की पेनड्राईव्हला शिव्या घालायच्या आधी साईझ बघा. बरीच मशीन फ्रेमपेक्षा मोठी फाईल उघडतच नाहीत, काही तर यादीत पण दाखवत नाहीत.

मोठ्या फ्रेमबद्दल एक फसवणूक सांगते, फसवणूक म्हणजे बोलण्यातली. लहान मशीनला लांबडी फ्रेम मिळते, तिला बाजूला दोन-तीन ठिकाणी अडकवायच्या जागा असतात. दुकानात म्हणतात घ्या मोठी फ्रेम. पण मशीनचा हात तेवढाच फिरतो, तुमची शिवायची जागा एका वेळी तेवढीच राहते, फक्त कापड परत न लावता फ्रेम सरकवून पुढचा तुकडा शिवता येतो. त्यासाठी डिझाइनचे तुकडे करून ठेवावे लागतात. उपयोगाची वस्तू आहे, पण मोठी फ्रेम नव्हे ती.

२. फाईल कुठली आहे ते ओळखा

पीईएस ब्रदरची, जेईएफ जानोमेची (उषा जानोमे घेतलं असेल तर हीच), डीएसटी मूळची ताजिमाची पण आता कारखान्यातली बहुतेक सगळी मशीन ती घेतात. डीएसटीत रंग साठवलेले नसतात, इथं थांबून धागा बदल एवढंच असतं, त्यामुळं उघडल्यावर मोर केशरी नि पाय जांभळे दिसले तर घाबरायचं कारण नाही.

ह्या सगळ्या टाक्यांच्या फाईली. म्हणजे सुई इथं टोच, मग तिथं टोच, अशी नुसती यादी. दुसरी जात म्हणजे पंचिंगवाल्याकडची (चित्रावरनं टाक्यांची फाईल बनवून देतो तो) मूळ फाईल, विल्कॉमवर काम करत असेल तर ईएमबी. तिच्यात हे पान आहे, ह्याला सॅटिन (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे जवळ-जवळचे टाके) भरायचं, इतकं दाट, असा हिशोब असतो, टाके नंतर निघतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर टाक्यांची फाईल म्हणजे शिवून तयार ब्लाऊज, आणि मूळ फाईल म्हणजे पेपर कटिंग. ३६ चा शिवलेला ब्लाऊज ओढून ४० चा होत नाही, पेपर असला तर दहा मिनिटात दुसरा कापता येतो. बाजारात आपल्याला विकत मिळतो तो शिवलेला ब्लाऊज. मूळ फाईल पंचिंगवाले सहसा देत नाहीत, त्यांची पोटापाण्याची वस्तू आहे ती, मागितली नि नाही म्हणाले तर राग धरू नका. पण डिझाइन करून घेताना आधीच सांगता येतं की मला १०० ला एक, १३० बाय १८० ला एक आणि २०० ला एक अशा तीन साईझ पाहिजेत. तेव्हाच सांगितलं तर त्यांना फारसं काम नसतं, नंतर सांगितलं की परत पैसे.

आता टाक्यांची फाईल तुमच्याकडं आहे नि सॉफ्टवेअर आहे. सॉफ्टवेअर टाके परत मोजतं की नुसतं ओढतं, हे बघायची सोपी युक्ती. फाईल उघडा, टाक्यांचा आकडा लिहून घ्या, २० टक्के मोठी करा, परत आकडा बघा. आकडा वाढला तर सॉफ्टवेअर टाके नव्यानं घालालंय. आकडा तसाच राहिला तर रबरासारखं ओढालंय. मशीनच्या स्क्रीनवर साईझ बदलता तेव्हा पण हीच परीक्षा करा, बरीच मशीन स्क्रीनवर नुसतं ओढतात, म्हणूनच तर थोडंसं वाढवायला नि थोडंसं कमी करायलाच देतात. इंकस्टिचमधे सुद्धा तयार पीईएस किंवा डीएसटी उघडली तर ती नुसती ओढली जाते, तिथं स्वतः आकार काढून टाके भरले असतील तरच हिशोब परत होतो.

३. टक्के काढा

हवी ती साईझ भागिले आहे ती साईझ, गुणिले १००. रुंदीचं वेगळं काढा, उंचीचं वेगळं काढा, जो आकडा लहान येईल तो घ्या.

माझा मोर होता १२६ रुंद, १७२ उंच. बसवायचा होता ९६ मधे. रुंदीनं ७६ टक्के येतात, उंचीनं ५६. म्हणजे ५६. रुंदी-उंचीमधलं कुलुपाचं चित्र लावून ठेवा, नाहीतर मोराची बदक होते.

माझा हिशोब असा: ९० ते ११० टक्क्यांच्या आत कुठल्याही पद्धतीनं करा, चालून जातं. ८० ते १२० पर्यंत टाके परत मोजणारं सॉफ्टवेअर पाहिजे, आणि ट्रायल पाहिजे. त्याच्या पलीकडं पंचिंग परत करून घ्या नाहीतर सातव्या पायरीवर जा. माझे ५६ कुठं नि ८० कुठं, पण तेव्हा हे सांगायला कोण नव्हतं.

एक चोरवाट बऱ्याच जणी शोधून काढतात, मी पण काढलेली. मशीन एका वेळी दहा टक्केच कमी करू देतं ना, मग दहा कमी करायचं, सेव्ह करायचं, परत उघडून परत दहा. मशीनला फसवता येतं, कापडाला येत नाही. शिवाय प्रत्येक वेळी टाक्याची जागा जवळच्या दशांश मिलिमीटरला सरकवली जाते, चार-पाच वेळा केलं की गोल डोळा चौकोनी व्हायला लागतो. काय करायचं ते पहिल्या, साईझ न बदललेल्या फाईलवरनं एकदाच करा.

४. लहान करताना

तर तो मोर. हिंडलग्याच्या एक बाई हिरवा खण घेऊन आल्या, गुळेदगुड्डचा, लेकीच्या हळदीला घालायचा होता. पाठीवर मोर आधीच काढून दिलेला, पाच बाय सातच्या फ्रेममधे, छान आलेला. त्या म्हणाल्या हाच बाहीवर पण पाहिजे, लहान. मी लॅपटॉपवर ५६ टक्के केलं. आकडा बघितला नाही. १८,००० टाके होते, लहान केल्यावर पण १८,०००.

हिशोब बघा. भरीव भाग लहान केला की जागा दोन्हीकडनं कमी होते. ५६ टक्के म्हणजे जागा ३१ टक्केच राहिली. त्यात टाके तेवढेच, म्हणजे तिप्पट दाट. ओळीतलं अंतर पहिल्यांदा ०.४ मिलिमीटर होतं, साधारण सगळीकडं तेवढंच ठेवतात, ते झालं ०.२२. नीट केलं असतं तर साडेपाच ते दहा हजाराच्या मधे कुठंतरी टाके यायला पाहिजे होते, भरीव किती नि कडा किती त्यावर.

पिसारा निम्मा होईपर्यंत नुसता आवाज बदललेला, टक-टकच्या जागी कट्-कट्. मी म्हटलं तेल कमी असेल. मग खालनं धाग्याचा गोळा धरला, वरचा धागा दोनदा तुटला, तिसऱ्यांदा सुईच मोडली नि तिचं टोक खणात. काढायला गेले तर त्या जागी कापडच नाही राहिलेलं, सुईनं एवढ्या जवळ-जवळ भोकं पाडलेली की पोस्टाच्या तिकिटासारखा मोर सुटून हातात आला. जेवढा शिवलेला तेवढा ताठ, वाजवला तर टक् आवाज यायचा. बाई बघून म्हणाल्या, "हे काय वो, बाही हाय की पत्रा?" दुसरा खण माझ्या पैशानं आणून दिला.

म्हणून लहान करताना ह्या गोष्टी बघा:

टाक्यांचा आकडा खाली आलाच पाहिजे. नाही आला तर पुढं जायचं नाही.

सॅटिनची पट्टी एक मिलिमीटरपेक्षा बारीक होत असेल तर ती सॅटिन राहत नाही, तिथं साधा रनिंग टाका करून घ्या, एकावर एक दोन-तीनदा. मोराच्या पायाची बोटं, तुऱ्याच्या काड्या, फुलातले केसर हे सगळं ह्यातच येतं.

अगदी बारके टाके काढून टाका. बऱ्याच सॉफ्टवेअरमधे बारके टाके काढ असं बटण असतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आतले टाके धागा तोडतात.

सॅटिनच्या खाली पाया घातलेला असतो, आधी दिसत नाही असे टाके. अरुंद पट्टीला दोन-दोन थराचा पाया राहिला तर तो बाजूनं डोकावतो. मूळ फाईल असेल तर एकच मधली ओळ ठेवा.

आणि सरळ काहीतरी उडवा की. लहान मोराला पिसाऱ्यात अठरा डोळे कशाला, नऊ पुरतात. दोन हात लांबनं कोण मोजतंय.

कसुतीवाल्या (कर्नाटकातलं पारंपरिक भरतकाम) डिझाइनला मात्र ह्यातलं बरंचसं लागत नाही, कारण तिथं भरीव काही नसतंच. गोपुर, रथ, हत्ती, तुळशी वृंदावन, सगळं सुट्या सरळ टाक्यांचं काम, गावंती नि मुर्गी ह्या टाक्यांचं. अडीच मिलिमीटरचा टाका ७० टक्के केला तर पावणेदोनचा होतो, काही बिघडत नाही. दीडपट केला तर पावणेचारचा, तो पण चालतो. नवीन शिकणाऱ्यानं साईझचा सराव ह्याच्यावर करावा असं मी सांगते. फक्त कसुती तिरकी फिरवू नका, इरकलच्या उभ्या-आडव्या धाग्याला ती तिरकी गेली की लगेच डोळ्यात खुपते.

५. मोठं करताना

लहान करताना सुई मोडते तरी, म्हणजे मशीन ओरडून सांगतं. मोठं करताना काही होत नाही, मुकाट्यानं शिवून होतं, आणि फ्रेम काढल्यावर कळतं की खालचं कापड दिसालंय. ६० मिलिमीटरची बुट्टी ९० ची केली, दीडपट, की ०.४ चं अंतर ०.६ होतं. काळ्या ब्लाऊजवर पिवळा धागा असेल तर तूपच लावलंय असं दिसतं, भरलंय असं नाही.

आमच्या सासऱ्यांनी सगळं आयुष्य माग चालवला, शहापुरी साडी विणली. त्यांना मी ते दाखवलं तर बघूनच म्हणाले, "फणी तीच ठेवून पन्हा वाढवलीस की गं. धागं तेवढंच नि जागा जास्ती, मग लुगडं कुठलं, मच्छरदाणी हुती." मला सॉफ्टवेअरच्या पुस्तकातनं जे दोन महिन्यात कळलं नव्हतं ते तिथं कळलं.

नीट मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधे ४,००० टाक्यांची भरीव बुट्टी दीडपट केली की ९,००० च्या आसपास आकडा यायला पाहिजे, दीड गुणिले दीड. नुसती सॅटिनची वेल असेल तर ६,००० च्या आसपास, कारण सॅटिनचे टाके लांब होतात, संख्या लांबीच्या हिशोबानंच वाढते. रेट टाक्यावर लावत असाल तर हे गिऱ्हाईकाला आधी सांगा, "थोडंसंच मोठं केलंय की" म्हणतात नि थोडंसं म्हणजे दुप्पट टाके असतात.

सॅटिनची दुसरी अडचण. ६ मिलिमीटरचं पान दीडपट केलं की ९ मिलिमीटरचा एकेक लांब टाका होतो, तो मोकळा लोंबतो. बांगडी अडकते, अंगठी अडकते, पदराची पिन अडकते, एकदा ओढला गेला की झालं. सात मिलिमीटरच्या वर गेलं की मधे तोडलेलं सॅटिन करा किंवा भरीव टाका करा. डीएसटीत तर १२.१ मिलिमीटरच्या वर एक टाका लिहिताच येत नाही.

मग कडा. कापड टाक्यानं ओढलं जातं, म्हणून पंचिंगवाला आकार मुद्दाम बाहेर ओढून ठेवतो, साध्या कापडाला ०.२ मिलिमीटर, ताणाच्या कापडाला ०.४ पर्यंत. हे साईझबरोबर वाढायला पण नको नि कमी व्हायला पण नको, ते कापडावर असतं. ओढून साईझ बदलली की हे बिघडतं नि रंग नि काळी कड ह्यांच्यात फट दिसते. मूळ फाईल नसेल तर ह्याला फारसा इलाज नाही, पेपर एक जास्तीचा लावा, कापड घट्ट लावा, फट थोडी कमी होते.

६. अक्षरं: इथं सगळे फसतात

गणपतीच्या आधी मंडळाचे टी-शर्ट येतात. पाठीवरचा मोठा लोगो असतो, तोच लहान करून छातीवर ९० मिलिमीटरमधे पाहिजे. आणि बेळगावात असल्यामुळं बऱ्याचदा मराठी एक ओळ, कन्नड एक ओळ, खाली इंग्रजीत गल्लीचं नाव.

इंग्रजी मोठी अक्षरं ५-६ मिलिमीटरपर्यंत निघतात. मराठीला तेवढ्यात जमत नाही, कारण अक्षराच्या वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, आणि त्या सगळ्याला मिळून ती उंची. मी नुसत्या अक्षराची उंची, मात्रा सोडून, ८ मिलिमीटरच्या खाली नेत नाही. अनुस्वार नि रफार वेगळे निवडून थोडे मोठेच ठेवते, अनुस्वार मिलिमीटरच्या आत गेला की तो टिंब नसतो, धाग्याची गाठ असते, आणि 'मंडळ'चं 'मडळ' झालेलं मंडळाच्या अध्यक्षाला चालत नाही. शिरोरेषा पण बघा, ती सॅटिनची एक लांब पट्टी असते, लहान केल्यावर तीच सगळ्यात आधी वाकडी होते.

कन्नडला त्याहून जास्त जागा लागते. यल्लम्मा हे नाव कन्नडात लिहून बघा, ल च्या खाली बारका ल, म च्या खाली बारका म. मुख्य अक्षर ८ मिलिमीटरचं केलं तर खालचं अक्षर तीन-साडेतीनचं होतं, त्यात काय शिवणार. कन्नड मला वाचता येतं तोडकं-मोडकं, पण शिवल्यावर नेहमी शेजारच्या कन्नड शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावते. तो अडखळला की फाईल परत.

अगदीच बारीक पाहिजे असेल तर ६० नंबरचा बारीक धागा नि ६५/९ ची सुई वापरा, फरक पडतो. पण सगळ्यात सोपं म्हणजे लोगोतलं चित्र लहान करा, अक्षरं पुसून त्या साईझला नवीन टाईप करून घ्या, किंवा छातीवर नुसतं चित्र नि मंडळाचं लहान नाव, बाकीचं पत्ता-स्थापना वगैरे पाठीवर राहू दे. हे गिऱ्हाईकाच्या गळी उतरवायला एक चहा लागतो फक्त.

७. साईझ न बदलता बसवायच्या युक्त्या

आता मी बहुतेक वेळा साईझ बदलतच नाही. मांडणी बदलते.

फिरवा. १७२ उंच डिझाइन २०० बाय १४० मधे आडवं बसतं हे कळतं सगळ्यांना, पण तिरकं कोण बघत नाही. ११५ लांब नि १८ रुंद वेल १०० च्या फ्रेममधे उभी बसत नाही, आडवी बसत नाही, ४५ अंशात फिरवली की ९४ बाय ९४ मधे बसते. कापड पण फ्रेममधे तिरकं लावायचं, म्हणजे ब्लाऊजवर ती सरळच दिसते.

गळ्याचं डिझाइन ३६ ला बनवलंय नि गिऱ्हाईक ४२ चं आहे, तर सगळं डिझाइन मोठं करू नका. मधनं दोन भाग करा, डावा-उजवा, त्यांच्यातलं अंतर वाढवा आणि मधे एक बुट्टी टाका. दोन भाग दोन वेळा फ्रेम लावून शिवले तर १३० बाय १८० च्या मशीनवर पण मोठा गळा होतो. लहान फ्रेमला हेच उलटं, मधली बुट्टी काढायची.

तुकडे करताना पानाच्या किंवा फुलाच्या कडेला तोडा, भरीव भागाच्या मधे कधीच नाही. प्रत्येक तुकड्याला दोन खुणेचे अधिकचे टाके ठेवा, दुसऱ्यांदा फ्रेम लावली की सुई आधी त्या खुणेवर येते का ते बघायचं. एक मिलिमीटर चुकलं तरी दिसतं.

साडीच्या काठाला तर हाच मार्ग. साडी साडेपाच मीटर, एक तुकडा ८५ मिलिमीटरचा धरला तर ६५ वेळा फ्रेम लावायची. तीन तुकडे जोडून २५५ मिलिमीटरचा पट्टा केला नि ३०० ची फ्रेम असली तर २२ वेळा. मी १०० च्या फ्रेमवर एकदा अख्खी साडी केली, संकेश्वरच्या लग्नाची, दहा दिवस लागले, त्यात रोज दुपारी करंट जायचा. आता तसली आली तर ज्याच्याकडं मोठं मशीन आहे त्याला जॉबवर्कला देते.

८. ट्रायल, तेच कापड, तोच पेपर

ट्रायल जुन्या चादरीच्या तुकड्यावर घेऊन उपयोग नाही. खणावर काढायचं तर खणाच्या तुकड्यावर, इरकल सिल्कवर काढायचं तर तसल्याच पातळ कापडावर. कटिंग करताना पाव मीटर उरतंच, ते गिऱ्हाईकाला परत द्यायच्या आधी वापरून घ्या, सांगून.

ट्रायल काढली की हे बघा: बोटानं दुमडते का (नाही दुमडली तर दाट आहे), उजेडाकडं धरल्यावर कापड दिसतं का (दिसलं तर विरळ), भोवती चुण्या पडल्यात का, मागं बॉबिनचा धागा पट्टीच्या मधे साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा दिसतो का. मग पट्टी लावून मोजा, ९६ चं ९६ आलं का. गोल असेल तर दोन्हीकडनं मोजा, टाक्यांच्या दिशेनं तो थोडा आखडतोच.

जरी असेल तर वेग कमी करा, मी मिनिटाला ५०० च्या वर जात नाही, आणि ९०/१४ ची मोठ्या नेढ्याची सुई लावते. जरीवाली डिझाइन लहान करायला घेतली असेल तर ०.४ च्या जागी थोडं मोकळंच ठेवा, जरी कडक असते.

आणि ते सगळं वहीत. कुठलं डिझाइन, किती टक्के, टाके आधी किती नंतर किती, कापड कुठलं, पेपर किती, काय बिघडलं. ट्रायलचा तुकडा त्याच पानाला पिन करून ठेवा. माझ्या वहीत त्या पत्र्याच्या मोराचा तुकडा पहिल्याच पानावर आहे, गिऱ्हाईक "एवढं लहान होत नाही काय?" म्हणालं की तोच हातात देते.

९. पेनड्राईव्ह

लहानच घ्या, ८ किंवा १६ जीबी, फॅट ३२ मधे फॉरमॅट केलेला. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरात, छोटं, मधे जागा न सोडता, मराठीत नाव दिलं की बऱ्याच मशीनना वाचता येत नाही. नावात साईझ घाला, म्हणजे मोर, पुढं ९६, असं. साईझ न बदललेली पहिली फाईल वेगळ्या फोल्डरमधे ठेवा नि तिच्यावर कधीच सेव्ह करू नका, माझी दोन विकत घेतलेली डिझाइनं अशीच गेली.

खानापूरच्या मुलीचं डिझाइन १०२ चं ९६ केलं, ९४ टक्के. एवढ्याला काही लागत नाही, जसं आहे तसं ओढलं तरी चालतं. रात्री तिचा मेसेज आला, "दिसलं अक्का! आता सुई कुठली लावू?" मी लिहिलं, ७५/११, आणि आधी ट्रायल काढ.